डाव्या वळणाचा एफ

"बाई, रागावू नका, पण हा तास आता ठेवून करायचंय काय?"

हेडसरांनी एवढं बोलायला सकाळपासून दहादा तोंड उघडलं असेल. शेवटी मधल्या सुट्टीत, शिक्षकांच्या खोलीत, बाई डब्याचं झाकण काढत असताना त्यांनी ते बोलून टाकलं. बाईंनी झाकण परत लावलं.

"कुठला तास?" माहीत असूनही बाईंनी विचारलं. अवघड गोष्ट समोरच्याला स्वतःच्या तोंडानं बोलायला लावायची, ही त्यांची जुनी खोड.

"कर्सिव्हचा. इंग्रजी जोडून लिहिण्याचा."

"मग तसं सांग ना सरळ. एवढा घाम कशाला फुटलाय?"

हेडसर म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक. अंगात कोट, खिशाला पेन, आवाज एरवी खणखणीत. पण बाईंच्या समोर उभे राहिले की त्यांचा परत तिसरीतला मुलगा होऊन जायचा. तिसरीत ते पेनाचं टोक चोखायचे आणि निळी जीभ घेऊन घरी जायचे, म्हणून वर्गानं त्यांचं नाव शाईखाऊ ठेवलं होतं. बाईंनी ते नाव चारचौघांत कधी घेतलं नव्हतं. पण मनात आणलं तर घेतील, हे हेडसरांना पक्कं ठाऊक होतं.

"आजकाल कोण हातानं लिहितंय, बाई? पुढच्या वर्षीपासून वरच्या वर्गांच्या परीक्षा स्क्रीनवर. तिसरीची पोरं कर्सिव्हच्या तासाला रडकुंडीला येतात, आणि त्यांचे आईबाप येऊन माझं डोकं खातात. सुटी अक्षरं काढू देत की! वाचता आलं म्हणजे झालं. शनिवारी पालकसभेत विषय ठेवतोय. तुम्हीही बोला. सभा म्हणेल तसं करू."

"आणि सभा नको म्हणाली तर?"

"तर त्या तासाला कीबोर्ड," हेडसर खिडकीकडे बघत म्हणाले.

"बरं," बाई म्हणाल्या आणि न खाल्लेला डबा पिशवीत टाकून पाण्याच्या नळाकडे निघून गेल्या.

शाळेत त्यांना वळणबाई म्हणत. नवीन आलेल्या शिक्षकांना वाटायचं, बाई शिस्तीच्या कडक असणार, पोरांना वळण लावत असणार. कसलं काय! वर्गात धुडगूस चालला तरी बाई खुशाल असायच्या. त्यांचा जीव सगळा पेन्सिलीच्या टोकात. चार रेघी वहीत अक्षर कुठून उठतं, कुठे वळतं, पुढच्या अक्षराचा हात कसा धरतं, हे त्या इतकं रंगवून सांगायच्या की दंगेखोर पोरगंही क्षणभर गप्प बसायचं. मग पुन्हा दंगा करायचं, ते सोडा.

नोकरीला लागल्यापासून तिसरीचं लेखन त्यांच्याचकडे. त्यामुळे गावातली निम्मी माणसं त्यांच्या वळणाचं लिहायची. आणि त्या सगळ्या अक्षरांत एक अक्षर खास बाईंचं म्हणून ओळखलं जायचं. छोटा एफ. सगळ्या जगात कर्सिव्हमधला एफ वरून सरळ खाली येतो आणि त्याचं खालचं पोट उजवीकडे फुगतं. बाईंच्या एफचं पोट डावीकडे फुगायचं, जी किंवा वायसारखं. तिथून तो वर यायचा, मधल्या रेघेवर एक बारीकशी गाठ मारायचा आणि मग पुढच्या अक्षराकडे जायचा. कुणी नव्या शिक्षकानं दाखवून दिलंच, तर बाई म्हणायच्या, "असू दे हो, आमच्याकडे असाच काढतात." या आमच्याकडे म्हणजे नक्की कुणाकडे, हे काही कुणी विचारलं नाही.

खोटं कशाला बोला, बाई बाजारात जायच्या त्या अर्ध्या तो एफ बघायलाच. औषधवाला पुडीवर 'आफ्टर फूड' लिहून द्यायचा. दोन शब्द, दोन एफ, दोघांचीही पोटं डावीकडे. गोळ्या संपल्या तरी ती पुडी बाईंच्या हातून टाकली जायची नाही. कोपऱ्यावरची शिवणवाली मापाच्या चिठ्ठीवर 'फुल' लिहायची, 'फ्रंट' लिहायची, आणि बाई नको असलेला ब्लाऊजसुद्धा शिवायला टाकून यायच्या. मागे एकदा नवऱ्याला दवाखान्यात ठेवलं होतं. तिथल्या नर्सनं खाटेच्या पायथ्याशी लावलेल्या तक्त्यावर 'फीवर' असं लिहिलं होतं. बाई त्या तक्त्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. नवरा खाटेवरून ओरडला, "अगं, मी अजून आहे! आत्तापासून रडू नकोस."

आता खरं सांगायचं तर तो एफ बाईंचा नव्हताच. तो त्यांच्या ताईचा होता.

ताई डावखुरी. शाळेत पट्टीनं मारून मारून तिला उजव्या हातावर आणलं. हात आला बिचारा उजवीकडे, पण एफचं पोट काही यायला तयार नाही. दर वेळी वहीत लाल फुली. ताई म्हणायची, "मास्तरांना काय कळतंय? एफला डावीकडेच बरं वाटतं." बाई तेव्हा अगदीच लहान, अजून शाळेत नाव घालायचं होतं. त्या वर्षी ताई आजारी पडली, ती पडलीच. दिवसभर अंथरुणात. या धाकटीला बाहेर खेळायला पाठवलं तरी ही फिरून तिच्याजवळच यायची आणि तिच्याकडे पाठ करून आडवी व्हायची. मग ताई तिच्या पाठीवर बोटानं अक्षर काढायची आणि हिनं ते ओळखायचं. एल सोपा होता. एम लांबलचक होता. एफ आला की डाव्या कुशीत गुदगुल्या व्हायच्या आणि ही अक्षर पुरं व्हायच्या आधीच ओरडायची, "एफ! एफ!" मग दोघी इतक्या हसायच्या की आई दारात येऊन दटावायची.

पुढे पुढे ताईचं बोट अक्षर अर्ध्यावर टाकून थांबायला लागलं. "उरलेलं तू ओळख," ती म्हणायची. पाठीवर तिचा कढत हात नुसता पडून राहायचा, आणि ही उरलेलं ओळखायची.

ताई गेली. घरात पुन्हा तिचं नाव निघालं नाही. आईला सहन व्हायचं नाही म्हणून कुणी काढलं नाही, आणि मग न काढण्याचीच सवय झाली. तिची पुस्तकं, वह्या कधी रद्दीत गेल्या कळलंसुद्धा नाही. एक फोटो होता, त्यात नेमकी ती हललेली. बाईंना आता ताईचा चेहरा आठवत नव्हता, आवाज आठवत नव्हता. आठवायला बसलं की दुसऱ्याच कुणाचा तरी चेहरा यायचा. एफ तेवढा राहिला होता. तो त्यांनी पोरांच्या हातात दिला, वर्षामागून वर्षं देत राहिल्या, आणि पोरं मोठी होऊन तो गावभर घेऊन गेली. हे फक्त नवऱ्याला माहीत होतं. तो म्हणायचा, "सगळं गाव तुझ्या ताईच्या हातानं लिहितंय आणि ताईला पत्ताच नाही." थट्टेनंच म्हणायचा, पण बाईंना ते फार आवडायचं. अधूनमधून त्या मुद्दाम विषय काढायच्या, त्यानं पुन्हा तसं म्हणावं म्हणून.

आणि आता त्या तासाला कीबोर्ड येणार होता.

शनिवारी शाळेचं सभागृह बऱ्यापैकी भरलं. बाईंनी घरी आरशासमोर तयारी केली होती. हातानं लिहिलं की ध्यानात राहतं, बोटं तयार होतात, सही आपली वाटते, वगैरे. उभ्या राहून त्यांनी ते सगळं म्हटलं. पहिल्या रांगेतले वडील फोनवर अंगठा फिरवत होते. एक आई जांभई आवरत होती. बाईंचं त्यांना स्वतःलाच पटेना, कारण खरं कारण पोटात होतं आणि ते ओठावर आणायची सोय नव्हती.

"बाई, तुमच्याबद्दल आदरच आहे," एक वडील उठून म्हणाले. "मी तुमच्याच हाताखालचा. पण माझा मुलगा त्या वहीवर डोकं ठेवून रडतो हो. अक्षरं सुटी काढायची म्हटली तर पानभर लिहितो. मग त्याला त्या दोऱ्यात ओवायचा हट्ट कशासाठी?"

"बरोबर आहे!" मागून दोघंतिघं म्हणाली. हेडसरांनी बाईंकडे न बघता पाण्याचा घोट घेतला.

त्या मुलाला बाईंनी रडताना पाहिलं होतं. त्याचे बाबा खोटं बोलत नव्हते.

तेवढ्यात कडेला बसलेली शिवणवाली उठली. खांद्यावर मापाची टेप तशीच लोंबत होती, दुकान तसंच टाकून आली असावी. "मला भाषण येत नाही," ती म्हणाली. "आमची पोरगी, बटण म्हणतो आम्ही तिला, तिसरीत आहे. परवा मी स्वयंपाकघरात होते, गिऱ्हाईक आलं. मी म्हटलं, बटण, भिंतीवरची चिठ्ठी वाच गं, माप सांग. तर म्हणते कशी, आई, हे काय नागमोडी काढलंयस, मला नाही येत वाचता. मी लिहिलेलं! तिच्या आईनं लिहिलेलं! मला आधी हसू आलं. मग गिऱ्हाईक गेलं आणि मला रडू यायला लागलं. पोरीला जग वाचता येईल आणि आई वाचता येणार नाही, असं कसं चालेल? बाकी मला काही माहीत नाही." आणि ती धपकन खाली बसली.

सभागृहात चुळबुळ झाली. फोनवाल्या वडिलांचा अंगठा थांबला. कुणीतरी म्हणालं, "खरंय, आमच्याकडेही तसंच झालंय." दुसऱ्या कुणाला आजीच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या आठवल्या. हात वर झाले तेव्हा तास ठेवायच्या बाजूनं इतके झाले की मोजायची गरज पडली नाही. त्या रडणाऱ्या मुलाच्या वडिलांनीही, थोडा उशिरा का होईना, हात वर केला.

बाई नुसत्याच हसत उभ्या राहिल्या.

माणसं पांगल्यावर हेडसर त्यांना व्हरांड्यात बाजूला घेऊन गेले. "बाई, तास राहिला. मनापासून सांगतो, मलाही बरं वाटलं. फक्त एक..."

"बोल."

"मंडळाचा छापील कित्ता आलाय. आता सगळीकडे तोच गिरवायचा. मागच्या खेपेला तपासणीला साहेब आले होते ना, ते वह्या बघून म्हणाले, या शाळेत एकूण एक पोरगं एफ उलटा काढतं, हा काय प्रकार आहे? मी सारवासारव केली. पण पुन्हा तसं दिसलं तर ते तासच बंद करायला लावतील. कित्त्याप्रमाणे, बाई. एफसुद्धा."

बाईंनी कठड्याला हात टेकला.

"मला वाईट वाटतंय," हेडसर घाईघाईनं म्हणाले. "मी स्वतः बदलायला बसलोय. माझ्या सहीत दोन एफ आहेत. काल दोन पानं भरली, तरी मेला डावीकडेच पळतो. बघा!" त्यांनी खिशातलं पेन काढून तळहातावर एफ काढून दाखवला. तो डावीकडेच पळाला. हेडसर हसले. बाईंनी त्यांच्या तळहाताकडे जरा जास्तच वेळ बघितलं, तसे ते हसायचे थांबले.

"चुकीचा आहे म्हणून एवढं काय, असं वाटत असेल तुम्हाला," ते म्हणाले.

"नाही रे," बाई म्हणाल्या. "तुझं बरोबर आहे."

घरी नवरा चहा गाळत होता. जन्मभर बस चालवून निवृत्त झाला होता आणि आता घरात चहाचा ताबा त्याच्याकडे होता. बाईंचा चेहरा बघून त्यानं आधी कप पुढे केला, मग विचारलं. बाईंनी सगळं सांगितलं.

"कमाल आहे," तो म्हणाला. "मी आयुष्यभर गाडी डावीकडे वळवली. कुणी बंद केली नाही."

बाई हसल्या नाहीत. तसा तो समोर येऊन बसला. "सांगून टाक ना त्याला ताईचं. शाईखाऊ वाईट नाही. ऐकेल."

"काय सांगू, अहो? माझी ताई चुकीचा काढायची, म्हणून सगळ्यांनी चुकीचा काढा?"

चुकीचा हा शब्द ताईच्या एफला त्यांनी पहिल्यांदाच लावला होता.

"मग नको म्हण," नवरा म्हणाला. "सांग, माझ्या एफशिवाय तास नको. जाऊ दे बंद पडला तर. जेवढी माणसं आत्ता काढतायत तेवढी काढतील, तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त जगतील."

बाईंच्याही मनात घरी येताना हेच येऊन गेलं होतं. मोह झाला होता. आपला हात थांबला की एफ तिथेच राहील, कुणी त्याला उजवीकडे वळवणार नाही, निदान आपल्या हातून तरी नाही. पण त्या टेप लोंबणाऱ्या शिवणवालीचं धपकन खाली बसणं काही केल्या डोळ्यांसमोरून जाईना.

"त्या पोरीला आईचं वाचता आलं पाहिजे हो," बाई म्हणाल्या. "मला ताईचं काही वाचायलाच मिळालं नाही. एक ओळ नाही. असती तर..." त्यांनी कप खाली ठेवला. "मला तिची इतकी आठवण येते, अजून. या वयात सांगायची लाज वाटते. ती एवढीशी पोर होती, मी म्हातारी झाले. आज समोर आली तर मलाच आजी म्हणेल. आणि तरी मला वाटतं, यावी, मागं बसावी."

नवऱ्यानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. चहा गार झाला, त्यानं तो उठून परत गरम केला.

सोमवारी तिसरीच्या वर्गात छापील कित्ते वाटले. पोरांनी नव्या पानांचा वास घेतला, एकमेकांच्या डोक्यात ते हाणले, आणि मग बाई फळ्याकडे वळल्यावर जरा शांत झाली. वर्ग अजून एफपर्यंत पोचला नव्हता. बाईंनी चार रेघा आखल्या. खडू तिसऱ्या रेघेला लावला, वर नेला, गोल वळवला, सरळ खाली आणला. तळाच्या रेघेशी हात थांबला. मागून कुणाचं तरी बाक करकरलं. बाईंनी खडू उजवीकडे वळवला, पोट फुगवलं, वर आणून मिटवलं. छान आला. छापल्यासारखा आला. हाताला काय, सांगाल ते करतो.

"बाई, हा उलटा झाला!"

पहिल्या बाकावरची बटण होती. सभेनंतर आईनं तिला दोन दिवस समोर बसवून घेतलं असणार, कारण ती एकदम जाणकार झाली होती. "आईचा एफ असा नाहीये. आईचा इकडे जातो." तिनं हवेत बोट फिरवून दाखवलं.

"आईचा तसाच आहे," बाई म्हणाल्या. "पण पुस्तकातला असा. आपण आता हा काढायचा."

"मग आईचा चूक?"

वर्ग ऐकायला लागला. दुसऱ्याच्या आईची चूक म्हटल्यावर कान टवकारणारच.

"हो," बाई म्हणाल्या. "जरा चूक."

"तिला कुणी शिकवला चुकीचा?"

"मी शिकवला."

आधी कुणाचा विश्वास बसेना. मग सगळा वर्ग खो खो हसत सुटला. बाईंची चूक! बाईंनी फळ्यावर नाही, आईला शिकवताना केलेली चूक! मागच्या बाकावरचा एक जण तर आनंदानं बाकावरच चढला. बटण मात्र हसली नाही. तिला प्रकरण नीट समजून घ्यायचं होतं.

"चुकून शिकवला?"

बाईंनी हातातल्या खडूकडे बघितलं. "नाही," त्या म्हणाल्या. "मुद्दाम. मला फार आवडायचा."

"मला पण तोच आवडतो."

"आवडू दे. आईनं काढला की तो वाचायचा. वहीत हा काढायचा. कळलं?"

बटणनं नाइलाजानं मान हलवली आणि वही उघडली. हळूहळू सगळी डोकी खाली गेली, जिभा ओठांच्या कोपऱ्यांतून बाहेर आल्या, पेन्सिली करकरायला लागल्या. बाई बाकांमधून फिरू लागल्या. एफ येत होते, वेडेवाकडे, फुगलेले, काही पडलेले. सगळे उजवीकडे. बाई कुणाची पेन्सिल नीट धरून देत होत्या, कुणाला शाबास म्हणत होत्या. फिरत फिरत त्या पहिल्या बाकाशी आल्या.

बटणची पेन्सिल वर गेली, वळली, खाली आली, आणि तळाशी आईसारखी डावीकडे कलली. बाईंनी वाकून तिच्या हातावर हात ठेवला. त्यांच्या मुठीत तो एवढासा हात डावीकडेच ओढत होता, चांगला जोर लावून. बाईंनी त्याला क्षणभर ओढू दिलं, आणि मग सावकाश उजवीकडे नेलं.